अण्णादुरै यांची वचने

अण्णादुरै यांची वचने : द्रविड मुन्नेत्र कळघमचे संस्थापक, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री व आधुनिक तमिळ वक्तृत्वाचे अग्रणी कांजीवरम नटराजन अण्णादुरै (१५ सप्टेंबर १९०९–३ फेब्रुवारी १९६९) यांच्या भाषणांतून, नाटकांतून व साप्ताहिकांतील पत्रांतून निघून लोकांच्या तोंडी रुळलेली वाक्ये. तमिळ जनता त्यांना ‘अण्णा’, म्हणजे थोरला भाऊ, या नावाने ओळखते आणि ‘पेररिञर’, म्हणजे महापंडित, ही पदवी त्यांच्या नावामागे लावते. यांतील काही वाक्ये निवडणुकीच्या घोषणा म्हणून जन्मास आली, काही प्रतिपक्षाला दिलेली उत्तरे होती आणि काही पूर्वसूरींकडून घेतलेली होती. परंतु ज्यांनी आपल्याच अनुयायांचा आवेश आवरला अशी वाक्ये या सर्वांत श्रेष्ठ होत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अण्णादुरैंचा जन्म कांजीवरम येथील विणकर समाजातील एका साधारण कुटुंबात झाला. मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांचे उच्च शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले, जस्टिस पक्षाच्या वृत्तपत्रात संपादनाचे काम पत्करले आणि पुढे पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीत स्वतःला झोकून दिले. १९४२ मध्ये त्यांनी ‘द्राविड नाडु’ हे साप्ताहिक काढले. त्यातून ‘तंबी’स, म्हणजे धाकट्या भावास, उद्देशून लिहिलेल्या त्यांच्या पत्रांनी मद्रास इलाख्यातील सुशिक्षित तरुणांची एक संपूर्ण पिढी त्यांच्याकडे ओढून आणली. नाटके व चित्रपटकथाही त्यांनी लिहिल्या. मराठी वाचकास विशेष जिव्हाळ्याची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासमयी उद्भवलेल्या वर्णाधिकाराच्या वादावर त्यांनी एक नाटक रचले, त्यात गागाभट्टाची भूमिका स्वतः केली, आणि त्यातील शिवाजीचे काम पाहून पेरियारांनी व्ही. सी. गणेशन या तरुण नटास जे ‘शिवाजी’ हे नाव दिले, त्याच नावाने तो पुढे सर्व हिंदुस्थानास परिचित झाला. नाटककार, संपादक, चित्रपटलेखक आणि सभा गाजविणारा वक्ता हे चारही गुण एकाच पुरुषाच्या ठायी एकवटल्याचे उदाहरण महाराष्ट्रात शोधू गेल्यास आचार्य अत्रे यांचेच नाव प्रथम सुचते. योगायोग असा, की हे दोघेही १९६९ या एकाच वर्षी कालवश झाले.

वचनांच्या घडणीचे मर्म अण्णादुरैंच्या श्रोत्यांत आहे. त्यांच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालत. बाजारपेठेतील चौकात, समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात जमलेल्या समुदायात अक्षरओळख नसलेले हातमागवाले, गोदीकामगार व शेतमजूर मोठ्या संख्येने असत. ऐकलेले घरी नेण्यास त्यांच्यापाशी स्मरणाखेरीज दुसरे साधन नव्हते. म्हणून अण्णादुरैंनी तमिळ भाषेतील अनुप्रास व यमक यांचा जो साठा शतकानुशतके विद्वानांच्या दप्तरात पडून होता, तो सभेच्या व्यासपीठावर आणला. एके प्रसंगी प्रचारसभेत त्यांना पोहोचण्यास बराच विलंब झाला. श्रोते पेंगुळले होते. तेव्हा त्यांनी जे चार चरण उच्चारले ते थोड्याफार पाठभेदाने आजही सांगितले जातात : ‘मादमो चित्तिरै, मणियो पत्तरै, उंगळै तळुवुवदो नित्तिरै, मरवादु एमक्किडुवीर मुत्तिरै’. महिना चैत्राचा, वेळ साडेदहाची, तुम्हांस मिठी निद्रेची, तरी न विसरता मुद्रा उमटवा आमच्या नावाची, असा त्याचा भावार्थ. ही मुद्रा म्हणजे मतपत्रिकेवर उगवत्या सूर्याच्या चिन्हासमोर मारावयाचा शिक्का. भाषण म्हणावयाचे तर एवढेच झाले. परंतु श्रोत्यांच्या खोळंब्याची दखल, क्षमायाचना आणि मतयाचना या तिन्ही गोष्टी त्या चार चरणांत उरकल्या, आणि घरी परतणारा माणूस ते चरण गुणगुणतच परतला असेल, यात संशय घेण्याचे कारण नाही. त्यांचा आवाज घोगरा होता, देहयष्टी ठेंगणी होती. नाटकी हावभावांचा त्यांना सोस नव्हता. त्यांच्या नंतरच्या अनेक वक्त्यांनी या यमकप्रधान शैलीचे अनुकरण केले. ते बहुधा नादापाशीच थांबले.

याच काळात त्याच मुलखात के. कामराज यांच्यासारखा लोकप्रिय पुढारी अगदी उलट प्रकारे बोलत असे. ‘पार्क्कलाम’, म्हणजे ‘पाहू या’, हा एकच शब्द त्यांची ओळख होऊन बसला. कोणी अर्ज घेऊन आला की ते एवढेच म्हणत, आणि काम मात्र पुष्कळदा होऊन जाई. एक शब्द आणि शब्दांचा प्रपात या दोहोंवर सारखेच प्रेम करणारा श्रोतृवर्ग तमिळनाडूत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९४९ च्या सप्टेंबरात अण्णादुरै व त्यांचे सहकारी पेरियारांच्या द्राविड कळघमपासून विभक्त झाले आणि उत्तर मद्रासमधील रायपुरम येथील रॉबिन्सन पार्कात, भर पावसात, नव्या पक्षाची पहिली जाहीर सभा झाली. या फुटीचे वर्णन अण्णादुरैंनी अश्रू ढाळीत केले, म्हणून पेरियारांनी त्यांना ‘अश्रुबिंदू’ म्हणून हिणविले. अण्णादुरैंनी त्यास कठोर प्रत्युत्तर दिले नाही. उलट पक्षाचे अध्यक्षपद पेरियारांसाठी रिकामे ठेवले, स्वतः सरचिटणिसाचा हुद्दा घेतला आणि अठरा वर्षांनी सत्ता हाती आली तेव्हा हे सरकार म्हणजे पेरियारांना अर्पण केलेली भेट होय, असे जाहीर केले. नव्या पक्षाला त्यांनी दिलेले सूत्र ‘कडमै, कण्णियम, कट्टुप्पाडु’, म्हणजे कर्तव्य, सभ्यता व शिस्त, हे त्यांच्या सर्व वचनांत सर्वाधिक वेळा भिंतींवर लिहिले गेले. तीन शब्दांतील मधल्यावर त्यांचा भर विशेष होता. १९५३ मध्ये पेरियारांनी गणेशमूर्ती फोडण्याची चळवळ आरंभिली, तेव्हा आपण पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, मूर्ती फोडणार नाही आणि पिळ्ळैयारपुढे नारळही फोडणार नाही, असे अण्णादुरै म्हणाल्याचे सांगतात. श्रद्धावानाचा उपमर्द न करता स्वतःचा अश्रद्धपणा राखण्याची ही रीत एका वाक्यात इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

प्रतिपक्षाविषयी त्यांनी वापरलेले ‘माट्रान तोट्टत्तु मल्लिगैक्कुम मणम उंडु’, म्हणजे परक्याच्या बागेतील मोगऱ्यालाही सुगंध असतो, हे वाक्य तमिळ भाषेत म्हणीच्या पदवीस पोहोचले आहे. मद्रास शहरात सायंकाळी फुलवाल्यांच्या टोपल्यांभोवती ज्याने क्षणभर तरी रेंगाळून पाहिले असेल, त्याला या उपमेची निवड किती अचूक आहे हे सांगावे लागणार नाही. १९६१ मध्ये पेरियारांचे पुतणे ई. व्ही. के. संपत यांनी पक्ष सोडला. त्यांच्यासमवेत कवी कण्णदासन यांच्यासारखे मोहरेही गेले. पक्षात संतापाची लाट उसळली असता अण्णादुरैंनी ‘एंगिरुंदालुम वाळ्ग’, म्हणजे कोठेही असोत, सुखी असोत, एवढाच निरोप दिला. १९५६ मध्ये तिरुच्चिरापळ्ळीच्या परिषदेत व्ही. आर. नेडुंचेळियन यांच्या हाती सरचिटणीसपद सोपविताना ‘बंधो, ये, नेतृत्व करावयास ये, तुझ्या आज्ञेत आम्ही राहू’ या आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. सत्तास्थान स्वेच्छेने सोडताना असे शब्द किती पुढाऱ्यांच्या मुखातून निघाले, याची रुजुवात ज्याने त्याने आपल्या प्रांताच्या इतिहासात करून पाहावी.

सर्वांत कठीण कसोटीचे वचन मात्र १९६२–६३ सालचे. ‘मिळाला तर द्राविड नाडु, नाही तर स्मशान’ अशा अर्थाची, दक्षिणेत विभक्त राष्ट्र मागणारी यमकबद्ध घोषणा पक्षाने वर्षानुवर्षे दिली होती. ती ऐकतच कार्यकर्त्यांची तरुणाई सरली होती. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि पुढील वर्षी घटनेची सोळावी दुरुस्ती होऊन उमेदवारांस देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याची शपथ घेणे आवश्यक झाले. अण्णादुरैंनी विभक्त राष्ट्राची मागणी तहकूब केली नाही, सोडूनच दिली; आणि स्वपक्षास समजावताना म्हटले, ‘वीडु इरुंदाल दान ओडु माट्र मुडियुम’ : घर असेल तरच कौले बदलता येतील. जुन्या घोषणेतील ‘नाडु’ व ‘सुडुकाडु’ (स्मशान) यांचे यमक ज्याने लोकांच्या कानांत बसविले, त्यानेच ‘वीडु’ व ‘ओडु’ यांच्या यमकाने ते उतरविले. विभक्ततेची मागणी सोडली तरी तिची कारणे जशीच्या तशी शिल्लक आहेत, हे बजावण्यासही ते चुकले नाहीत. या पालटास टीकाकारांनी भीरुता म्हटले, कायद्याच्या धाकाने घेतलेली माघार म्हटले. कायद्याचा धाक होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लाखो अनुयायांच्या मनातील एक स्वप्न रक्तपाताविना व पक्षभंगाविना खाली ठेवावयास लावणे हे केवळ धाकाने घडत नाही. त्यास श्रोत्यांचा विश्वास लागतो, आणि तो अण्णादुरैंनी वर्षानुवर्षांच्या सभांतून मिळविलेला होता.

१९६२ मध्ये कांजीवरममधून विधानसभेत पराभूत झाल्यावर ते राज्यसभेत गेले. तेथील पहिल्याच भाषणात, १ मे १९६२ रोजी, आपण द्राविड कुळाचे असून त्याचा आपणास अभिमान आहे, पण म्हणून आपण बंगाल्याच्या, महाराष्ट्रीयाच्या वा गुजरात्याच्या विरुद्ध आहोत असे नव्हे, असे त्यांनी रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा आधार घेऊन सांगितले. भाषावादातील त्यांचे दोन युक्तिवाद विशेष प्रसिद्ध आहेत. बहुसंख्याकांची म्हणून हिंदी राजभाषा, हे तत्त्व मान्य केल्यास राष्ट्रीय पक्षी मोर न ठरता कावळा ठरावयास हवा होता, हा पहिला. दुसरा असा : जगाशी व्यवहार करण्यास इंग्रजी शिकावी आणि देशात व्यवहार करण्यास हिंदी, असे म्हणणे म्हणजे मोठ्या कुत्र्यासाठी मोठे दार व लहान कुत्र्यासाठी वेगळे लहान दार करण्यासारखे आहे, लहानाने मोठ्या दारातून जावे. या युक्तिवादाशी सहमत न होणारा महाराष्ट्रीय वाचकही, भाषावार राज्यासाठी आपण काय सोसले ते आठवून, त्यामागील वेदना समजू शकेल.

१९६७ च्या निवडणुकीत धान्यटंचाई हा ज्वलंत प्रश्न होता. पक्षाने एका रुपयात तीन पडि तांदूळ देण्याचे आश्वासन दिले होते. पडि हे धान्य मोजण्याचे माप. ते शक्य आहे काय, या प्रश्नास अण्णादुरैंचे उत्तर होते, ‘मून्रु पडि लट्चियम, ओरु पडि निच्चयम’, म्हणजे तीन पडि हे ध्येय, एक पडि हे निश्चित. ६ मार्च १९६७ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि रुपयास एक पडि तांदळाची योजना मद्रास व कोइमतूर या दोन शहरांत सुरू झाली; तिजोरीस तो बोजा पेलवेना, म्हणून ती राज्यभर पसरू शकली नाही. घोषणेच्या पूर्वार्धातील ध्येय ध्येयच राहिले आणि उत्तरार्धही अपुराच पुरा झाला, ही वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. तथापि जाहीरनाम्यातील आकांक्षा कोठे संपते व जबाबदारी कोठे सुरू होते, हे मत मागतानाच मतदारास सांगणारा पुढारी विरळा.

त्यांच्या नावावर खपणाऱ्या सर्वच गोष्टी त्यांच्या नव्हेत. मानवकुल एक व ईश्वर एक, या अर्थाचे जे वाक्य ते वारंवार उच्चारीत, ते प्राचीन शैव सिद्ध तिरुमूलर यांचे. लोकांत जा, त्यांच्यात राहा, त्यांच्यापासून शीक, हा उपदेश चिनी परंपरेतून आलेला आहे. ‘बिकॉज’ हा शब्द लागोपाठ तीनदा येणारे शुद्ध इंग्रजी वाक्य त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांस तत्काळ रचून दाखविले, ही आख्यायिका आवडीने सांगतात. १९६८ मध्ये येल विद्यापीठाचे ते पाहुणे होते एवढे खरे, बाकीची कथा दंतकथेच्या सदरात ठेवणे योग्य. कायदा ही अंधारी खोली व वकिलाचा युक्तिवाद हा तीतील दिवा, ही त्यांच्या नावे रूढ असलेली उपमा इतकी पसरली, की तिचा पूर्वार्ध १९८१ मध्ये एका तमिळ चित्रपटाचे शीर्षक झाला.

‘एदैयुम तांगुम इदयम’, म्हणजे काहीही सोसणारे हृदय, असावे, असे ते कार्यकर्त्यांस सांगत. मरीना किनाऱ्यावरील त्यांच्या समाधीवर तेच शब्द कोरलेले आहेत. १९७२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी काढलेल्या पक्षाने नावातही अण्णा घेतले आणि ध्वजावरही. तेव्हापासून परस्परांचे हाडवैरी असलेले दोन पक्ष एकाच पुरुषाची वाक्ये आपापल्या व्यासपीठांवर लिहीत आले आहेत. चेन्नईतील माउंट रोड आता अण्णा सालै आहे.

न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन परतल्यावर, १९६८ च्या अखेरीस, प्रकृती ढासळलेली असताना केलेल्या एका भाषणात त्यांनी आपल्या सरकारच्या तीन कृत्यांचा उल्लेख केला : पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांस कायदेशीर मान्यता, राज्यास तमिळनाडु हे नाव, आणि शाळांत तमिळ व इंग्रजी या दोनच भाषा. पुढे येणाऱ्या कोणास ही कृत्ये रद्द करावीशी वाटली आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्याचा हात थांबला, तर ती भीती असेपर्यंत राज्य अण्णादुरैचेच चालू आहे असे समजावे, असे ते म्हणाले. नव्या नावाचा अंमल १४ जानेवारी १९६९ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांचे निधन झाले. पुढे सत्तेवर आलेल्या दोन्ही पक्षांच्या सरकारांनी या तिन्ही गोष्टी आहेत तशाच ठेवल्या आहेत.