नादाला लगाम

कोणत्याहि देशांत नवें वाद्य जन्माला येतें, तेव्हां तें बहुधा जुन्या वाद्याचा वेष घेऊनच येतें. लोकांच्या कानाला जो नाद परिचयाचा असतो, तोच आपल्यापासूनहि निघतो, असें त्याला प्रथम सिद्ध करून दाखवावें लागतें. अमेरिकेंत 1951 सालीं बाजारांत आलेल्या विजेच्या बास गिटारची गोष्ट अशीच आहे. ह्या वाद्याच्या घोडीवर धातूचें एक चकचकीत झांकण असे आणि त्या झांकणाच्या आंतल्या बाजूला रबरी स्पंजाची एक पट्टी चिकटविलेली असे. झांकण बसविलें कीं ती पट्टी चारहि तारांना हलकेच टेके. ह्या पट्टीला म्यूट म्हणतात. तारेचा नाद लांबूं न देतां लौकर आवरावयाचा, एवढेंच तिचें काम. परंतु ह्या बोटभर स्पंजानें पुढील वीस वर्षांच्या लोकप्रिय संगीताला जो आकार दिला, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

विजेच्या बास गिटारपूर्वीं वाद्यवृंदांतील खर्ज सांभाळण्याचें काम डबल बास करीत असे. हें माणसाहून उंच, पोंकळ पोटाचें लांकडी वाद्य. जाझ संगीतांत तें गजानें न वाजवितां बहुधा बोटानें छेडीत. तार छेडली कीं तिचा कंप घोडीवाटे लांकडाच्या पातळ पृष्ठभागांत उतरतो, तेथून हवेंत पसरतो आणि तारेची शक्ति थोड्याच वेळांत खर्ची पडते. म्हणून डबल बासचा प्रत्येक स्वर गोल, भरदार व अल्पायुषी असतो. तो येतो, ठोका देतो आणि मागें सरतो. नाचणाऱ्यांचीं पावलें त्याच्या ठोक्यावर पडत आणि गाणाऱ्यांचा आवाज त्याच्या पाठीवर उभा राही. परंतु हें वाद्य गांवोगांव वाहून नेणें म्हणजे एक शिक्षाच होती. शिवाय ढोल-ताशे आणि विजेवर गर्जना करणाऱ्या गिटारी ह्यांच्या गर्दींत त्याचा आवाज कोणाला ऐकूं येईना.

ही अडचण दूर करण्याचें काम केलें तें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर ह्यांनीं. त्यांचा जन्म 1909 सालचा व मृत्यु 1991 सालचा. शिक्षण हिशेबनिसाचें, धंदा प्रारंभीं रेडिओ दुरुस्तीचा, आणि विशेष हें कीं, ज्यांच्या नांवाच्या गिटारी जगभर गेल्या त्या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. वादकांच्या तक्रारी ऐकावयाच्या आणि हातांत हत्यार घेऊन त्या मिटवावयाच्या, ही त्यांची रीत. त्यांनीं भरीव लांकडाची, खांद्याला अडकवितां येणारी, चार तारांची एक गिटार तयार केली. तिच्या तारांची लांबी 34 इंच आणि गळ्यावर 20 पडदे. डबल बासला पडदे नसतात. तेथें स्वराची जागा कानानें शोधावी लागते. येथें बोट पडद्यामागें टेकलें कीं स्वर बिनचूक लागे. म्हणूनच तिचें नांव प्रेसिजन बास, म्हणजे अचूकपणाची बास, असें ठेविलें. तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें बसवून कंपाचा विद्युत्प्रवाह करावयाचा आणि तो यंत्रानें मोठा करून ध्वनिक्षेपकांतून सोडावयाचा, ही योजना.

योजना सफळ झाली, पण तिच्याच पोटीं एक नवा दोष निघाला. भरीव लांकूड तारेची शक्ति शोषून घेत नाहीं, त्यामुळें तार पुष्कळ वेळ कांपत राहते. सुरावट वाजविणाऱ्या गिटारला हा गुण. खर्जाच्या वाद्याला मात्र तो अवगुण. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें 41 आंदोलनें करते. असा खोल स्वर रेंगाळत राहिला आणि त्यावरच दुसरा, तिसरा येऊन पडला, म्हणजे स्वच्छ चालीऐवजीं नुसता घोंगाट ऐकूं येतो. त्यांत एक तार छेडली कीं शेजारच्या मोकळ्या ताराहि गुणगुणूं लागतात, ती भर वेगळीच. शिवाय हें वाद्य ज्यांनीं हातीं घ्यावयाचें ते वादक डबल बासचे, आणि ऐकणाऱ्यांचे कानहि डबल बासलाच सरावलेले. लायोनेल हॅम्प्टन ह्यांच्या वाद्यवृंदांत हें वाद्य वाजविणारा मंक माँटगॉमेरी हाहि मुळांत डबल बासचाच वादक. तेव्हां नव्या वाद्यानें जुन्याप्रमाणें बोलावें, ह्यासाठीं फेंडर ह्यांनीं झांकणाखालीं स्पंजाची ती पट्टी बसविली.

ही पट्टी घोडीजवळच कां, ह्याचें उत्तर तारेच्या स्वभावांत आहे. छेडलेली तार एकच स्वर देत नाहीं. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे उपस्वरहि देते. मूळ स्वराचा झोल तारेच्या मध्यावर मोठा व घोडीपाशीं अगदीं अल्प असतो. उपस्वरांची हालचाल मानानें घोडीजवळहि बरीच असते. मऊ वस्तु तेथें टेकविली कीं ती वरचे तीक्ष्ण उपस्वर आधीं गिळते. मूळ स्वर शिल्लक राहतो, पण त्याचेंहि आयुष्य तोकडें होतें. धातूची खणखण जाते आणि गोल ठोका उरतो. पट्टी घोडीपासून दोन-तीन बोटें पुढें सरकली, तर मूळ स्वरहि गुदमरतो आणि लांकडावर ठोकल्यासारखा कोरडा आवाज तेवढा निघतो. सारें मर्म बोटभर अंतरांत आणि दाबाच्या हलकेपणांत आहे. मिरजेचा तंबोरा ज्यांच्या घरीं असेल त्यांना ह्याची दुसरी बाजू ठाऊक असेलच. तेथें तार आणि घोडी ह्यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकवितात. त्या धाग्यानें व घोडीच्या रुंद पाठीनें उपस्वर खुलतात आणि जवारी बोलूं लागते. जागा जवळजवळ तीच; तेथें सुतानें नाद जागवावयाचा, येथें स्पंजानें निजवावयाचा.

फेंडर ह्यांनीं 1960 सालीं जाझ बास ह्या नांवाची दुसरी बास गिटार काढली. तिच्या प्रत्येक तारेखालीं नमद्याची गादी लावलेला स्प्रिंगचा एकेक स्वतंत्र म्यूट होता. ही रचना नाजूक व खटपटीची ठरली आणि थोड्याच वर्षांत सोडून द्यावी लागली; पुन्हां झांकणाखालील साधा स्पंजच आला. त्या दशकांत गिब्सन, रिकनबॅकर ह्या इतर कारखान्यांनींहि आपल्या बास गिटारींना म्यूट बसविले. रिकनबॅकरमध्यें तर चाकासारखे स्क्रू फिरवून स्पंज वर-खालीं करतां येई. परंतु पुष्कळ वादकांना तें झांकण अडचणीचें वाटे. ते तें काढून टाकीत आणि विडीची राख झाडावयाला वापरीत. अमेरिकेंत त्या झांकणाला रक्षापात्र असेंच टोपणनांव पडलें आहे.

ज्यांनीं झांकण काढलें नाहीं, त्यांत एक नांव सर्वांच्या वर आहे. डेट्रॉइट शहरांत बेरी गॉर्डी ह्यांनीं 1959 सालीं ध्वनिमुद्रिकांची एक कंपनी काढली. पुढें ती मोटाउन ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड ह्या रस्त्यावरील एका साध्या घरांत तिचा स्टुडिओ होता. तेथील नेहमींच्या वादकांत जेम्स जेमर्सन नांवाचा एक तरुण होता. त्याचा जन्म 1936 सालीं साउथ कॅरोलायना राज्यांत झाला आणि 1954 सालीं तो डेट्रॉइटला आला. तेथें हायस्कुलांत असतांना तो डबल बास शिकला. 1960 नंतर लौकरच त्यानें प्रेसिजन बास हातीं घेतली, पण कान डबल बासचाच ठेविला. झांकण जागच्या जागीं, त्याखालीं स्पंज, वर जाड व चपट्या वेष्टनाच्या तारा. त्या तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. उजव्या हाताच्या एका तर्जनीनें तो सारें वादन करी.

जेमर्सननें त्या स्पंजाचा जो उपयोग केला तो कारखानदाराच्याहि मनांत नव्हता. स्वर लौकर संपतो हें पाहून त्यानें दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेंत आणखी स्वर पेरले. कधीं ठोक्याच्या आधीं, कधीं नंतर, कधीं एका स्वरावरून दुसऱ्याकडे पायऱ्या उतरत, असा त्याचा खर्ज गाण्याखालीं स्वतंत्र सुरावट विणूं लागला. स्वर लांबत राहिले असते तर त्या विणकामाचा गुंता झाला असता. ज्या घोड्याला लगाम आहे त्यालाच भरधाव सोडतां येतें, तसेंच हें. डबल बासची नक्कल करण्यासाठीं बसविलेल्या वस्तूनें नव्या वाद्याला त्याची स्वतःची वाणी दिली.

ही वाणी घरोघरीं पोंचली, वाणी कोणाची हें मात्र कोणास कळलें नाहीं. त्या काळीं मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवर गायकांचीं नांवें छापीत. साथीदारांचीं छापीत नसत. मार्व्हिन गे ह्यांच्या 1971 सालच्या "व्हॉट्स गोइंग ऑन" ह्या संग्रहावर वादकांचीं नांवें छापलीं गेलीं, तेव्हां कोठें जेमर्सनचें नांव लोकांच्या दृष्टीस पडलें. पुढल्याच वर्षीं कंपनीनें आपलें ठाणें लॉस एंजेलिस येथें हालविलें. जेमर्सनहि तिकडे गेला; पण त्याचा जम पुन्हां बसला नाहीं. नवीन लोकांना नवीन तारांचा लखलखीत आवाज हवा होता. 1983 सालीं त्याची ती आवडती 1962 सालची बास चोरीस गेली आणि थोड्याच दिवसांत, 2 ऑगस्ट 1983 रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. झांकणाखालच्या स्पंजाप्रमाणेंच त्याचेंहि काम सर्वांनीं ऐकलें होतें. पाहिलें फार थोड्यांनीं. ॲलन स्लट्स्की ह्यांनीं 1989 सालीं त्याचें चरित्र व वादन ह्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 2000 सालीं अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्यें त्याला स्थान मिळालें.

लॉस एंजेलिसमध्यें ह्याच तत्त्वाचा निराळा वापर कॅरोल के ह्या बाईंनीं केला. 1935 सालीं जन्मलेल्या ह्या बाई जाझ गिटार वाजवीत. 1963 सालीं एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाहीं, म्हणून त्यांनीं बास हातीं घेतली आणि पुढें तेंच त्यांचें मुख्य वाद्य झालें. त्या नखीनें वाजवीत आणि नमद्याची दुहेरी घडी घोडीजवळ तारांच्या वरून ठेवीत. नखीच्या आघातामुळें प्रत्येक स्वर ठसठशीत निघे व नमद्यामुळें त्याच्या मागें रेंगाळणारी गुणगुण उरत नसे. नॅशव्हिल येथें तर डबल बासच्या जोडीला सहा तारांची बास गिटार घेत आणि तळहाताच्या कडेनेंच तिच्या तारा दाबून धरीत. डबल बासनें वजन द्यावयाचें, गिटारनें टोक द्यावयाचें, अशी ती वांटणी होती. तिच्या आवाजावरून त्या रीतीला टिक-टॅक म्हणूं लागले.

मग वारें फिरलें. 1966 सालीं इंग्लंडांत, द हू ह्या वाद्यवृंदाचा जॉन एन्टव्हिसल ह्याच्या आग्रहावरून, रोटोसाउंड कंपनीनें गोल वेष्टनाच्या नव्या तारा तयार केल्या. त्यांचा आवाज पियानोसारखा खणखणीत व लांबणारा होता. त्यानंतर लॅरी ग्रॅहॅम ह्यानें आंगठ्यानें तारांवर ठोके देऊन वाजविण्याची पद्धत रूढ केली, आणि 1976 सालीं जाको पास्टोरियस ह्यानें पडदे नसलेल्या बासवर गळ्यासारखा गाणारा स्वर काढून दाखविला. ह्या सर्वांना हवा होता तो नेमका म्यूटनें गिळलेला भाग. त्याच 1976 सालीं निघालेल्या म्यूझिक मॅनच्या स्टिंगरे बासवर प्रत्येक तारेखालीं म्यूट होता. तरी बहुतेकांनीं तो खालींच उतरवून ठेविला. स्पंजाचे तुकडे झिजले, भुगा होऊन गळून पडले आणि पुन्हां कोणी बसविले नाहींत. आतां वाद्याला कोणाची नक्कल करण्याची गरज उरली नव्हती.

तथापि गरज सरली म्हणून गुण सरला असें होत नाहीं. जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हां पुन्हां ऐकणाऱ्या पुढील पिढीच्या वादकांना प्रश्न पडला, कीं तोच प्रकार, तेंच लांकूड, तीच सुरावट असूनहि आपल्या हातून तो स्वर कां निघत नाहीं? उत्तर त्यांना घोडीपाशीं सांपडलें. आज सुटे म्यूट विकत मिळतात, चपट्या तारांना पुन्हां मागणी आहे, आणि पुष्कळजण भांडीं घासण्याच्या स्पंजाची पट्टी कापून तारांखालीं सरकवितात व तेवढ्यानें समाधान पावतात.

स्वर लावणें ही जशी कला आहे, तशीच तो वेळेवर सोडणें हीहि कला आहे. पहिलीचें कौतुक सर्वत्र होतें. दुसरी झांकणाखालीं राहते. विजेच्या शक्तीनें मनुष्याला हवा तितका मोठा व हवा तितका लांब आवाज मिळाला, तेव्हां तो कोठें थांबवावा हें एका स्वस्त स्पंजाच्या तुकड्यानें आणि तो न काढणाऱ्या थोड्या वादकांनीं शिकविलें. त्या काळचें एखादें गाणें पुन्हां कानीं पडलें, तर गायकाच्या आवाजाखालीं क्षणभर लक्ष द्यावें. जो ठोका येतो आणि दुसऱ्याला जागा देऊन निमूटपणें निघून जातो, त्याच्यावरच तें सारें गाणें उभें असतें.