जग्वार 'सी-एक्स ७५' : शर्यतीतून रस्त्याकडे

मुंबईच्या टाटा मोटर्सने जून २००८मध्ये जग्वार व लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या फोर्डकडून सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. दोनच वर्षांनी, जग्वारच्या पंचाहत्तरीनिमित्त, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात 'सी-एक्स ७५' ही संकल्पना मोटार सादर झाली. इयान कॅलम यांच्या नेतृत्वाखाली तिचे आरेखन झाले. चारही चाकांना स्वतंत्र विद्युत मोटार आणि बॅटरी भारित करण्यासाठी दोन लहान गॅस टर्बाइन, अशी तिची रचना होती.

मे २०११मध्ये जग्वारने फॉर्म्युला वन शर्यतीतील विल्यम्स संघाच्या साहाय्याने अशा २५० मोटारी बांधण्याची घोषणा केली. अपेक्षित किंमत होती सात ते नऊ लाख पौंड. टर्बाइनऐवजी आता १.६ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आले. टर्बोचार्जर व सुपरचार्जर या दोहोंच्या जोरावर त्यातून ५०० अश्वशक्तीहून अधिक शक्ती मिळे. पुढच्या व मागच्या आसाला एकेक विद्युत मोटार जोडल्यावर एकूण शक्ती ८५०च्या पुढे जात असे. सांगाडा कार्बन फायबरचा होता.

हायब्रिडचे मर्म ब्रेकमध्ये आहे. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील कोंडीत साध्या मोटारीने ब्रेक लावला, की गतीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये तिचा काही भाग वीज होऊन बॅटरीत साठतो आणि पुन्हा वेग घेताना उपयोगी पडतो. फॉर्म्युला वनमध्ये हे तंत्र २००९मध्ये आले.

तंत्र सिद्ध होत असतानाच अर्थकारण आडवे आले. जागतिक मंदीच्या सावटामुळे डिसेंबर २०१२मध्ये जग्वारने उत्पादनाचा बेत रद्द केला. चाचणीच्या मोजक्याच मोटारी तयार झाल्या. २०१५च्या 'स्पेक्टर' या बाँडपटात खलनायकाच्या हाती हीच मोटार दिसली. मात्र चित्रीकरणातील साहसदृश्यांसाठी बांधलेल्या गाड्यांत साधे व्ही-८ इंजिन होते.

विल्यम्सबरोबरचे सहकार्य मात्र तेथेच संपले नाही. २०१६मध्ये जग्वार विजेवरील फॉर्म्युला ई शर्यतींत उतरली, तेव्हा तांत्रिक भागीदार विल्यम्सचीच अभियांत्रिकी शाखा होती. पुढे मुंबईच्याच टीसीएसचे नाव लावून धावणाऱ्या या संघाने २०२३-२४च्या हंगामात सांघिक अजिंक्यपद पटकावले. ग्राहकाच्या दारी 'सी-एक्स ७५' कधीच पोहोचली नाही. जग्वारची विजेवर धावणारी 'आय-पेस' मात्र २०१८मध्ये रस्त्यावर आली.