सात आळ्यांची कृष्णाबाई



सांगलीकडच्या आपल्या गटांत कृष्णामाईचं नाव निघालं की बोलणं हटकून महापुरावर जातं. 2005, 2019, 2021. कुणाची म्हैस गेली, कुणाच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं, गटाच्या वह्या कुणी माळ्यावर टाकून वाचवल्या. साताऱ्याच्या वरच्या अंगाच्या बायकांची कृष्णा वेगळी. त्यांच्या बोलण्यात पूर कमी आणि धरण जास्त. नदी एकच, पण दोन ठिकाणच्या बायकांना ती दोन स्वभावांची वाटते. म्हणून ठरवलं की आज नदीच्या माहेराजवळच्या एका लहान गावाचा इतिहास सांगायचा. ते गाव म्हणजे वाई.

महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा जोरच्या खोऱ्यातून खाली येते, धोम आणि मेणवली ओलांडते आणि वाईत शिरते. एका अंगाला पसरणीचा घाट, आजूबाजूला पांडवगड, वैराटगड, कमळगड. जुनी माणसं हीच विराटनगरी म्हणतात आणि पांडवांच्या अज्ञातवासाच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टी खऱ्या की खोट्या यावर भांडण नको. वाईला दक्षिण काशीही म्हणतात. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा आहे. बारा वर्षांनी येणारं ते कन्यागत पर्व मागे 2016 साली झालं. एक नदी दुसरीकडे बारा वर्षांनी राहायला येते, ही कल्पना कुणा माहेरवाशिणीलाच सुचली असणार असं आम्हाला आपलं वाटतं.

पुस्तकात वाई पहिल्यांदा ठळक दिसते ती अफझलखानामुळे. तो विजापूरकरांचा वाईचा सुभेदार होता, त्यामुळे हा मुलूख त्याच्या पायाखालचा. 1659 साली तो फौज घेऊन आला तेव्हा त्याचा तळ वाईतच होता. पुढे 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते लहान पोरालाही ठाऊक आहे. पण खानाची फौज गावाशी बसलेली असताना वाईच्या घरांमधून काय चाललं असेल? दाणागोटा, गुरं, लेकीसुना यांची काळजी. ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्याऐवजी एक नवस उरला. शिवाजी महाराजांना यश येऊ दे, तुझा उत्सव करीन, असं वाईच्या शेंडे घराण्यातल्या शास्त्रीबुवांनी कृष्णामाईला बोलून ठेवलं होतं, असं परंपरा सांगते. त्या नवसातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला. तो आजही चालतो, आणि आमच्या मते वाई समजून घ्यायची ती इथूनच.

वाईला सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. प्रत्येक घाटामागे त्याची आळी आहे, आणि प्रत्येक आळीची आपली कृष्णाबाई. नदी एक आणि उत्सव सात. थंडी सरायला लागली की एकेका आळीचा उत्सव सुरू होतो आणि एकाचा संपला की दुसऱ्याचा येतो. घाटावर मांडव पडतो, देवीची मूर्ती वाजतगाजत आणून बसवतात. सकाळी अभिषेक, दुपारी प्रसादाच्या पंगती, एका दिवशी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी कीर्तन नाहीतर गाणं, शेवटी पालखी.

आता यात आपल्या कामाचं काय? सांगतो. सातही आळ्या एकाच दिवशी उत्सव करत नाहीत. एका आळीचा उत्सव चालू असताना बाकीच्या आळ्या तिथे पाहुण्या म्हणून जेवायला आणि कीर्तनाला जातात. मग पाळी फिरते आणि पाहुणे यजमान होतात. वर्गणी काढायची, हिशोब ठेवायचा, पाळी चुकवायची नाही. मोठं काम लहान गटात वाटून घ्यायचं आणि गट एकमेकांना बांधलेले ठेवायचे. आपण गावात दहा-दहा बायकांचे गट करतो आणि मग त्यांचा ग्रामसंघ बांधतो, तेव्हा प्रशिक्षणाला आलेले साहेब हे सगळं नवीन असल्यासारखं फळ्यावर काढून दाखवतात. वाईच्या आळ्या तेच किती पिढ्या करत आल्या आहेत.

पण यातली दुसरी बाजूही झाकायची नाही. या आळ्या मुख्यतः ब्राह्मण वस्तीच्या होत्या. ज्यांनी त्या घाटांचा दगड फोडला, वाहिला आणि रचला, त्यांच्या नावाची आळी घाटावर नाही. एकाच नदीचं पाणी कुणी कुठल्या पायरीवरून घ्यायचं हेही जातीने ठरवलेलं असायचं. हा आपल्या बहुतेक गावांचा इतिहास आहे, वाई त्याला अपवाद नाही. आणि देवी बाई, नैवेद्य रांधणाऱ्या बाया, पण जुन्या हकिकतीत नावं येतात ती शास्त्रीबुवांची आणि सरदारांची.

सरदार म्हणजे रास्ते. वाईची जी देवळं आपण सहलीला बघतो, ती बरीचशी त्यांची. काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांनी 1757 साली बांधलं, आणि ढोल्या गणपतीचं गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 साली. रास्त्यांची लेक गोपिकाबाई, म्हणजे नानासाहेब पेशव्यांची पत्नी आणि थोरल्या माधवरावांची आई. 1761 च्या जानेवारीत तिचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नवरा गेला. दुसऱ्या वर्षी तिच्या माहेरी नदीकाठी गणपतीचं देऊळ उभं राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्या गणपतीसमोर हात जोडताना आम्हाला गोपिकाबाई आठवते खरी.

सांगलीच्या बायकांनी हे देऊळ मागच्या बाजूने बघावं. मूर्ती एका दगडातली आणि चांगली ऐसपैस, म्हणून तर ढोल्या गणपती. पण खरी अक्कल मागच्या भिंतीत आहे. ती भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा आला की त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. बांधणाऱ्याने पूर येणारच हे धरून बांधलं. पाण्याला अडवलं नाही, वाट दिली. पूररेषेच्या आत आज प्लॉट पाडून विकले जातात, ते घेणाऱ्यांना ही भिंत एकदा दाखवायला हवी.

वरच्या अंगाला मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तिथे देवळाशी एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या स्वारीतून पोर्तुगीजांच्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. ‘स्वदेस’ सिनेमातला घाट हाच. त्यानंतर वाईला इतके सिनेमावाले आले की आता शूटिंगची गाडी दिसली तरी भाजीवाली मान वर करत नाही.

वाईचं दुसरं नाव विद्येसाठी. नारायणशास्त्री मराठे यांनी इथे प्राज्ञपाठशाळा चालवली. विनोबा भावे 1917 च्या सुमारास इथे शिकायला राहिले होते. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा एक मुलगा इथे येऊन शिकला, तो पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. वेदशास्त्राच्या पाठशाळेतून निघालेला हा माणूस अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे सांगायला गांधीजींच्या बाजूने उभा राहिला. 1933 साली गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं पुण्यात लग्न लागलं, आणि त्या आंतरजातीय लग्नाचं पौरोहित्य वाईच्या या शास्त्रीबुवांनी केलं. आपल्याकडे आजही अशा लग्नाला भटजी मिळवताना काय यातायात होते ते आपल्याला माहीत आहे. नव्वद वर्षांपूर्वी ते कसं झालं असेल!

त्याच लक्ष्मणशास्त्र्यांमुळे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्याला न जाता वाईत आलं. पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा 2015 साली. शेवटच्या खंडांच्या वेळी मंडळाच्या अध्यक्ष डॉ. विजया वाड होत्या. जगातल्या विषयांची मराठीत माहिती देणारं एवढं मोठं काम एका तालुक्याच्या गावात बसून झालं. आता तो सगळा विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. हळदीचा, शेळीपालनाचा, रक्तक्षयाचा शब्द टाकून बघा.

आणखी एक नाव सांगायचं राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकन मराठी मिशनचं रुग्णालय वाईत होतं. तिथे डॉ. रोझ फेअरबँक बील्स या डॉक्टरबाई आपल्या डॉक्टर नवऱ्याबरोबर काम करत. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका लाजत, घरचे पाठवत नसत, अशा काळात बाईला तपासायला बाई असणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावं. वाईच्या इतिहासात हे नाव आम्हाला रास्त्यांच्या देवळांइतकंच मोलाचं वाटतं, पण सहलीच्या गाइडच्या तोंडी ते येत नाही.

आता नदीकडे परत येऊ. वाईच्या वर आठ-नऊ किलोमीटरवर धोमचं धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. सत्तरीच्या दशकात ते उभं राहिलं. त्याच्या कालव्यांनी खालच्या रानांना पाणी मिळालं, ऊस आला, हळद आली, आपल्या गटांतल्या कितीतरी जणींचा संसार त्या पाण्यावर उभा आहे. पण वरच्या खोऱ्यातल्या बायकांची घरं, रानं आणि देव पाण्याखाली गेले. त्यांनी मोडलेला संसार उचलून नव्या जागी मांडला. दोन्ही बायका आपल्याच. एकीला पाणी मिळालं ते दुसरीने गाव दिलं म्हणून, हे गटाच्या बैठकीत कधी बोललं जात नाही.

आणि घाटावरची नदी? पूर्वी ती आपल्या मनाने वाहायची, आता वरून सोडतील तशी. उन्हाळ्यात पायऱ्यांपाशी पाणी थबकतं, त्यात गावाचं सांडपाणी उतरतं, जलपर्णी पसरते, निर्माल्याच्या पिशव्या तरंगतात. ज्या पायरीवर देवीला अभिषेक होतो, तिच्या खालच्या पाण्यात पाय घालावासा वाटत नाही. उत्सवात ती आई, एरवी तिच्यात नळी सोडायला कुणी मागेपुढे बघत नाही. गावातली काही माणसं नदी साफ करायला उतरतात, त्यांचं कौतुक आहेच. पण रोजचं पाणी घाण करणाऱ्या वाटा बंद झाल्या नाहीत तर ती माणसं किती दिवस गाळ उपसतील? आमच्या एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “आळीची वर्गणी मांडवाला काढतात, तशी शोषखड्ड्याला का काढत नाहीत?” यावर सगळ्या हसल्या. पण इतिवृत्त लिहिणारीने ते वाक्य वहीत घेतलं, आणि पुढच्या बैठकीत तो विषय चार नंबरला होता.

सहल काढणाऱ्या गटांनी माघ-फाल्गुनात यावं, म्हणजे कुठल्यातरी आळीचा उत्सव सापडेल. सकाळी लवकर गणपती घाटावर जा, देवळाची मागची भिंत बघा, मग मेणवली आणि धोम. धोमला महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराच्या कुंडात नंदी बसवलेला आहे, तो चुकवू नका. डबे धुवायला नदीत उतरू नका, नळ आहेत.

पुढच्या भागात वाईहून नदीबरोबर खाली माहुलीला जाऊ, जिथे वेण्णा कृष्णेला मिळते. तोवर तुमच्या गावच्या घाटाला किंवा पाणवठ्याला काय म्हणतात आणि ते नाव का पडलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आम्हाला लिहून पाठवा. अक्षर कसंही चालेल.