रोहित्र तेल

रोहित्र तेल हे विद्युत रोहित्रात, अर्थात ट्रान्सफॉर्मरमध्ये, वापरले जाणारे अतिशुद्ध खनिज तेल होय. ते वेटोळ्यांमध्ये विद्युतरोधन करते आणि त्यांची उष्णता टाकीच्या भिंतींपर्यंत वाहून नेते.

महाराष्ट्रातील ग्रामीण वितरण
हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या शेतीप्रधान गावांना वीजपुरवठा करणारी वितरण रोहित्रे सामान्यतः ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवतात. रब्बी हंगामात कृषिपंपांचा भार वाढला की तेल अधिक तापते. गळतीने किंवा चोरीने तेलाची पातळी घटल्यास वेटोळी उघडी पडून रोहित्र जळू शकते व ऐन हंगामात सिंचन थांबते.

देखभाल
तेलात शिरलेल्या अल्पशा ओलाव्यानेही त्याची रोधनक्षमता झपाट्याने घटते. म्हणून आत येणारी हवा श्वसनपात्रातील सिलिका जेलमधून कोरडी केली जाते. निळे जेल गुलाबी झाल्यास ते बदलतात किंवा तापवून कोरडे करतात. चाचणीत २.५ मिलिमीटर अंतरावरील तेल ३० किलोव्होल्टपेक्षा कमी दाबाला भेदले गेल्यास ते गाळून, निर्जलीकरण करून शुद्ध करतात किंवा बदलतात.

हाताळणी
तेल ज्वलनशील असल्याने वीजपुरवठा खंडित केल्यावर अधिकृत कर्मचाऱ्यांनीच हे काम करावयाचे असते. पिंपे बंद व कोरड्या जागी ठेवतात. वापरलेले तेल जमिनीत, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतल्यास माती व पाणी दूषित होते. म्हणून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवतात.