महाविद्यालयीन बास्केटबॉल : खेळाडूंचा थकवा आणि राखीव फळी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये खेळाडूंची दमछाक सांभाळणे आणि त्यासाठी भरवशाची राखीव फळी उभी करणे, हा संघबांधणीचा एक मध्यवर्ती प्रश्न आहे. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांत, तर महिलांचा सामना २०१५–१६ च्या हंगामापासून १० मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. दोन्हीकडे एकूण वेळ ४० मिनिटांचाच. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असल्याने प्रशिक्षकाला एका सामन्यात २०० खेळाडू-मिनिटे वाटायची असतात. पहिल्या पाच जणांना सरासरी ३४ मिनिटे दिली, तर बाकीच्या सर्वांसाठी मिळून ३० मिनिटे उरतात; त्यांना २८ मिनिटांवर थांबवले, तर ६० उरतात. यादीत नावे किती आहेत, यावरून राखीव फळीचे माप ठरत नाही. अटीतटीच्या वेळी प्रशिक्षक किती जणांना निर्धास्तपणे मैदानात उतरवू शकतो, यावरून ते ठरते.

थकव्याचे स्वरूप : बास्केटबॉलमधील श्रम सलग नसतात. झेप, छोटी धाव, एकदम थांबणे, बाजूला सरकत केलेला बचाव, पुन्हा धाव अशा रीतीने एका सामन्यात खेळाडूची हालचाल सुमारे हजार वेळा बदलते. या स्फोटक हालचालींना स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन तत्काळ ऊर्जा पुरवते, आणि त्याचा साठा काही मिनिटांच्या विश्रांतीत बराचसा भरून निघतो. ग्लायकोजेनचा साठा मात्र रिता झाल्यास पुरता भरायला साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे थकव्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. सामन्यातला तात्पुरता थकवा दोन-तीन मिनिटे बाहेर बसल्याने उतरतो. लागोपाठच्या सामन्यांतून साचलेला थकवा तसा उतरत नाही.

थकवा आधी पायांत येतो. फेकीला पायांचे बळ कमी पडले, की चेंडू रिंगच्या अलीकडच्या कडेवर आपटतो. बचाव करणाऱ्याचे पाय वेळेवर सरकले नाहीत, की तो हात पुढे करतो आणि फाउल ओढवून घेतो. महाविद्यालयीन खेळात पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाद होतो. व्यावसायिक एनबीएमध्ये ही मर्यादा सहाची आहे. अशा रीतीने थकव्यातून फाउल होतात, फाउलमुळे मुख्य खेळाडू बाहेर बसतो आणि उरलेल्यांवरचा भार वाढतो. हे चक्र तोडण्याचे काम राखीव फळीचे असते.

नियमांचा इतिहास : आज सामन्यात हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येतात, पण आरंभी तसे नव्हते. १९२०–२१ पूर्वी एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. त्या हंगामापासून एकदा आणि १९३३–३४ पासून दोनदा परतण्याची मुभा मिळाली. प्रत्येक मैदानी गोलानंतर मध्यभागी चेंडू उडवून खेळ सुरू करण्याची प्रथा १९३७–३८ मध्ये बंद झाली. त्याबरोबर खेळाडूंना आपसूक मिळणारी उसंतही गेली आणि खेळाचा वेग वाढला. १९४४–४५ मध्ये अमर्याद बदलांना परवानगी मिळाली. बाद होण्याची फाउल-मर्यादाही त्याच हंगामात चारवरून पाचवर गेली. आधुनिक राखीव फळीची सुरुवात येथून होते.

पुढे शॉट क्लॉकने, म्हणजे फेक करण्यासाठीच्या कालमर्यादेने, वेगात भर घातली. पुरुषांसाठी तो १९८५–८६ मध्ये ४५ सेकंदांचा होता. १९९३–९४ मध्ये ३५ आणि २०१५–१६ मध्ये ३० सेकंदांवर आला. शॉट क्लॉक येण्यापूर्वी चेंडू ताब्यात ठेवून संघाला दम खाता येत असे. २१ डिसेंबर १९८१ रोजी सिनसिनाटी आणि ब्रॅडली यांच्यातील सामना सात वेळा जादा वेळेत गेला, तरी त्याचा निकाल ७५–७३ असाच लागला. शॉट क्लॉक नसलेल्या काळातील खेळाची संथ लय या आकड्यांतून कळते.

मिनिटांची वाटणी : या विषयात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ (कार्यकाळ १९६१–९७) यांचे काम पायाभूत आहे. दमलेल्या खेळाडूने मूठ उंचावून खूण करायची, असा त्यांचा नियम होता. ज्याने आपण होऊन खूण केली, त्याला ताजेतवाने वाटल्यावर आपण होऊनच परतता येई. दमूनही खूण न करणाऱ्याला प्रशिक्षक बाहेर काढत आणि मग परतण्याची वेळ प्रशिक्षकच ठरवत. थकवा कबूल करण्यात कमीपणा नाही, हे या नियमाने संघात रुजवले. स्वतःच्या शरीराबद्दल बोलण्याचा अधिकार त्याने विशी-बाविशीच्या विद्यार्थ्यांना दिला, हे त्याचे सर्वांत मोठे मोल आहे. पहिल्या सत्रात संपूर्ण राखीव पंचक थोडा वेळ खेळवण्याची स्मिथ यांची ‘ब्लू टीम’ही प्रसिद्ध होती. मुख्य खेळाडूंना त्यातून विश्रांती मिळे आणि राखीव खेळाडूंना सरावाबाहेरचा खरा अनुभव.

प्रशिक्षकांची आणखी एक रूढ युक्ती दूरचित्रवाणीच्या टाइम-आउटशी जोडलेली आहे. पुरुषांच्या प्रत्येक सत्रात १६, १२, ८ आणि ४ मिनिटे उरल्यानंतर खेळ प्रथम थांबतो, तेव्हा हा टाइम-आउट घेतला जातो. खेळाडूला त्याच्या थोडे आधी बाहेर बोलावले, की घड्याळातील एका मिनिटाच्या मोबदल्यात त्याला प्रत्यक्षात तीन-चार मिनिटांची विश्रांती मिळते.

भक्कम फळीवर उभ्या राहिलेल्या पद्धती : काही प्रशिक्षकांनी प्रतिस्पर्ध्याला दमवणे हेच डावपेचांचे सूत्र केले. नोलन रिचर्डसन यांच्या आर्कान्सा संघाचा पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा खेळ ‘फॉर्टी मिनिट्स ऑफ हेल’ या नावाने ओळखला गेला. या संघाने राष्ट्रीय स्पर्धेच्या १९९४ च्या अंतिम सामन्यात ड्यूकला ७६–७२ असे हरवले. दबावाचा असा खेळ पाच-सहा जणांच्या जिवावर चालत नाही. दमलेला एकच खेळाडू जागेवर उशिरा पोहोचला, तरी सगळी साखळी तुटते.

जॉन कॅलिपारी यांच्या केंटकी संघाने २०१४–१५ मध्ये पाच-पाच जणांची दोन जवळपास तुल्यबळ पथके आलटून पालटून उतरवली. डिसेंबरमध्ये ॲलेक्स पॉइथ्रेसच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्यावर ही काटेकोर विभागणी सैल पडली, तरी मिनिटे वाटण्याचे धोरण टिकले. संघाने ओळीने ३८ सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७१–६४ अशी हार पत्करली. या संघातील कार्ल-अँथनी टाउन्स सरासरी २१ मिनिटांच्या आसपासच खेळत असे, तरीही त्या वर्षीच्या एनबीए निवडीत तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. कमी मिनिटे मिळाली म्हणजे भवितव्य बुडाले, हा समज या उदाहरणाने खोटा ठरवला.

याच विचाराचे टोक आयोवा राज्यातील ग्रिनेल महाविद्यालयाच्या पद्धतीत दिसते. डेव्हिड आर्सेनो (थोरले) यांनी तेथे साधारण दर मिनिटाला पाचही खेळाडू बदलण्याची रीत आणली. सतत दबाव, झटपट फेक आणि तीन गुणांच्या फेकींवर भर, हे तिचे सूत्र. संघातील बहुतेक सर्वांना खेळायला मिळावे, हाही तिचा उघड हेतू होता.

मोजक्या खेळाडूंचे संघ : याउलट सहा-सात जणांवर भिस्त ठेवून यशस्वी झालेले संघही कमी नाहीत. खेळाडूंचा एकमेकांशी मेळ घट्ट बसतो आणि उत्तम खेळाडू अधिक वेळ मैदानावर राहतो, हा त्यांचा लाभ. असे संघ श्रम वाचवण्यासाठी खेळाचा वेग कमी ठेवतात किंवा झोन बचाव वापरतात. सिराक्यूजचे प्रशिक्षक जिम बोहाइम यांचा २–३ झोन त्यासाठी उपयोगी पडे. प्रत्येकाने आपापला भाग राखायचा असल्याने प्रतिस्पर्ध्याचा मैदानभर पाठलाग करावा लागत नाही.

स्पर्धांचा ताण : हंगामाअखेर होणाऱ्या विभागीय स्पर्धांत रोज एक सामना असतो. १२ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिराक्यूजने कनेटिकटला सहा जादा सत्रांनंतर १२७–११७ असे हरवले. ७० मिनिटांच्या त्या सामन्यात जॉनी फ्लिन ६७ मिनिटे मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी सिराक्यूजने आणखी एक सामना जादा वेळेत जिंकला. त्यानंतरच्या अंतिम सामन्यात मात्र लुइव्हिलकडून त्यांचा पराभव झाला.

दोन वर्षांनी त्याच सभागृहात केम्बा वॉकरच्या कनेटिकटने पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने आपल्या विभागीय स्पर्धेत पाच दिवसांत पाच विजय मिळवून राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. साचलेला थकवा निकाल ठरवतोच असे नाही, हे या दोन संघांनी दाखवले. पण असे संघ विरळा, म्हणूनच ते लक्षात राहतात.

राष्ट्रीय स्पर्धेत आता दोन सामन्यांमध्ये किमान एक दिवस मोकळा असतो. पुरुषांचे उपांत्य सामने शनिवारी आणि अंतिम सामना सोमवारी होतो. १९५७ मध्ये ही सोय नव्हती. कॅन्सस सिटीत नॉर्थ कॅरोलायनाने लागोपाठच्या दोन रात्री तीन-तीन जादा सत्रे खेळून आधी मिशिगन स्टेटला आणि मग विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला ५४–५३ असे हरवले. अंतिम सामन्यात त्यांचा प्रमुख खेळाडू लेनी रोझेनब्लुथ नियमित वेळेतच पाच फाउलमुळे बाद झाला होता. उरलेल्यांनी त्याच्याशिवाय विजय खेचून आणला.

झोप, प्रवास आणि अभ्यास : हे खेळाडू विद्यार्थीही आहेत. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमानुसार हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही कमाल मर्यादा असून आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते. प्रवासाचे तास मात्र यात धरले जात नाहीत. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठे, ओरेगन आणि वॉशिंग्टन ‘बिग टेन’ विभागात आली, तर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ‘अटलांटिक कोस्ट’ विभागात गेली. त्यामुळे ऐन अभ्यासाच्या दिवसांत तीन तासांच्या कालफरकाचे प्रवास नित्याचे झाले.

विश्रांतीचे मोल स्टॅनफर्डमधील एका अभ्यासाने स्पष्ट केले. चेरी मा आणि सहकाऱ्यांनी तेथील पुरुष संघाच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री किमान दहा तास अंथरुणावर राहण्यास सांगितले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी, तीन गुणांच्या फेकीची ९.२ टक्क्यांनी वाढली आणि धावण्याचा वेळही सुधारला. अभ्यासगट लहान असला, तरी राखीव फळीइतकीच झोपही संघाची गरज आहे, हे त्याने ठळकपणे पुढे आणले.

फळी तोकडी पडते तेव्हा : २५ नोव्हेंबर २०१७ रोजी मिनेसोटाविरुद्ध खेळताना मैदानावर वाद झाला आणि अलाबामाचे बाकावरचे सर्व खेळाडू जागा सोडून पुढे आल्याने नियमाप्रमाणे बाहेर काढले गेले. पुढे एक जण फाउलमुळे बाद झाला, दुसरा जखमी झाला आणि शेवटची दहाहून अधिक मिनिटे अलाबामा तीन खेळाडूंनिशी लढला. कॉलिन सेक्स्टनने ४० गुण केले. सामना ८९–८४ असा थोडक्यात निसटला.

दुखापतींनी फळी रिकामी होण्याचे प्रसंग महिलांच्या खेळात अलीकडे विशेष जाणवले. जानेवारी २०२३ मध्ये कनेटिकटकडे शिष्यवृत्तीधारक सात खेळाडूही खेळण्याजोग्या नसल्याने त्यांचा एक सामना पुढे ढकलावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने दोन सामने सोडून दिले, विद्यार्थिनींसाठी खुली निवड चाचणी घेतली आणि चार नव्या खेळाडूंना संघात घेतले.

संघबांधणीतील बदल : दीर्घकाळ पुरुषांच्या प्रथम श्रेणी संघांना १३ आणि महिलांच्या संघांना १५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. यादीतील उरलेल्या जागा शिष्यवृत्तीविना खेळणारे ‘वॉक-ऑन’ खेळाडू भरत. एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातील, जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी २०२५–२६ पासून १५ खेळाडूंची मर्यादा आली. २०१८ मध्ये सुरू झालेले ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आणि २०२१ मध्ये मिळालेली, वर्षभर न थांबता विद्यापीठ बदलण्याची मुभा यांचा परिणाम त्याहून खोल आहे. पूर्वी राखीव खेळाडू दोन वर्षे बाकावर शिकून तिसऱ्या वर्षी मुख्य पंचकात येई. आता मिनिटे न मिळालेला खेळाडू हंगाम संपताच दुसरीकडे जातो, आणि दरवर्षी फळी नव्याने बांधावी लागते.

मूल्यमापन : राखीव फळी मार्चमध्ये अचानक सापडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधील सामन्यांत चुका पोटात घालून दिलेल्या मिनिटांतून ती घडते. एखादी मोठी आघाडी त्यामुळे थोडी घटते, क्वचित एखादा सामनाही हातचा जातो. पण त्या मिनिटांवरच आठव्या-नवव्या खेळाडूचा आत्मविश्वास उभा राहतो आणि पहिल्या पाच जणांचे पाय हंगामाअखेर शाबूत राहतात. जेतेपदे दोन्ही प्रकारच्या संघांनी मिळवली आहेत, तेव्हा केवळ विजयाच्या निकषावर या वादाचा निकाल लागत नाही. मात्र खेळाडू विद्यार्थी आहे आणि त्याचे शरीर महाविद्यालयानंतरही त्याला आयुष्यभर वापरायचे आहे, हे ध्यानात घेतले, तर भार वाटून घेणारी पद्धत अधिक न्याय्य ठरते.