मांडो व मुंबईचा जाझ

जाझ म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी आमच्यांतील सुशिक्षितांचीही समजूत आढळते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईस ताजमहाल हॉटेलांत आला. ती कला पुढे उचलली गोमंतकीयांनी; हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ तर ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजला. हें केवळ अनुकरण, असें मला वाटत नाहीं. चर्चच्या शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेल्या या मंडळींच्या कानांत मांडो मुरलेला होता. तोर्कुआत द फिगेरेदो याचा ‘आदेउस’ घ्या: संथ लय, दोन गळे एकमेकांपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरानें चाललेले, साथीस घुमट, विषय निरोपाचा. परतुरास टाळमृदंगावर वाढलेल्या माझ्यासारख्यास ही जोडगायकी प्रथम चमत्कारिकच वाटली! पण संथ जाझ-गीतांतील विरह गोमंतकीयांस परका कसा वाटावा? ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत चिकचा ताफा दिसतो. चाली मात्र पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या.