मुखारोग्य व सर्वांगीण स्वास्थ्य : गगनबावड्याच्या निमित्ताने एक विचार

मानवी शरीराचे प्रवेशद्वार म्हणजे मुख. अन्न येथूनच आत जाते, शब्द येथूनच बाहेर पडतो आणि हास्यही येथेच उमलते. असे असूनही आरोग्याचा विचार करताना दात, हिरड्या व जीभ यांना आपण शेवटचे स्थान देतो. दाढ ठणकू लागली की लवंग धरावी, गाल सुजला की शेक द्यावा आणि दुखणे अंगावर काढावे, अशी आपल्याकडील रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार असून त्यांपैकी चारांतील तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही मुखारोग्याचा संपूर्ण देहाच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध, त्याविषयीचे सिद्ध ज्ञान आणि त्याभोवती वाढलेले भ्रम यांचा परामर्श घेत आहोत. उदाहरणादाखल आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा तालुका निवडला आहे.

गगनबावडा : स्थान आणि परिस्थिती

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. जवळच गगनगड उभा आहे. लोकसंख्येने हा जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका असून पावसाचे प्रमाण मात्र राज्यातील अतिपर्जन्याच्या प्रदेशांत गणले जाते. भात, नाचणी आणि ऊस ही येथील पिके. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे ही येथील वस्तीची ओळख.

मुखारोग्याच्या लेखात हा भूगोल कशासाठी, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर–गगनबावडा मार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली. मुसळधार पावसात घाटांत दरडी कोसळतात. अशा वेळी किडलेल्या दाढेतील पू जबड्याखाली व गळ्यात पसरला, तर रुग्णाला वेळेत मोठ्या रुग्णालयात नेणे कठीण होते. या विकाराचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात जिभेखालचा भाग सुजून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. शहरात राहणाऱ्याला दाढदुखी ही गैरसोय वाटते. डोंगरी वस्तीतील माणसासाठी ती प्रसंगी जिवावरची गोष्ट ठरते.

प्राचीन वैद्यकाची दृष्टी

मुख आणि देह यांचा एकत्रित विचार ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचा भाग म्हणून दिवसातून दोन वेळा दंतधावन करण्यास सांगितले आहे. त्यासाठी तुरट, तिखट व कडू रसाच्या झाडांच्या काड्या सुचविल्या असून करंज व अर्जुन यांचा त्यांत समावेश होतो. जीभ खरवडण्यासाठी सोने, रुपे, तांबे अशा धातूंच्या साधनांचाही तेथे उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात स्थानांतील ६५ मुखरोगांची गणना केलेली आढळते.

या परंपरेविषयी आदर बाळगूनही दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली अशी की, दातवणाची काडी दातांवरील थर काढण्यास उपयोगी पडते, परंतु दातांचे कवच बळकट करणारे फ्लोराइड तिच्यातून मिळत नाही. दुसरी अशी की, तोंडात तेल धरून चुळा भरण्याचा जो उपचार अलीकडे पुन्हा लोकप्रिय झाला आहे, त्याच्या लाभाचे पुरावे तुटपुंजे आहेत. ज्याला आवडेल त्याने तो करावा, पण घासणे सोडून नव्हे. राखुंडीने किंवा विटेच्या भुकटीने दात घासण्याची सवय तर सोडणेच इष्ट, कारण तिच्या खरखरीतपणाने दातांचे कवच झिजते.

एका चुकलेल्या सिद्धांताचा धडा

पाश्चात्त्य वैद्यकातही मुख व देह यांच्या संबंधाचा विचार झाला; मात्र तो एकदा भलत्याच टोकाला गेला. १८९० च्या सुमारास विलोबी मिलर यांनी मुखातील जंतूंचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे व्याख्यान देऊन अनेक दुर्धर रोगांचे मूळ दातांतील जंतुदोषात असल्याचा दावा केला. संधिवातापासून मनोविकारापर्यंत सर्व व्याधींचा दोष दातांवर ठेवला जाऊ लागला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत असंख्य लोकांचे चांगले दातही उपटले गेले. अमेरिकेतील वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल केलेल्या दातांवर असाच ठपका ठेवला होता. दात काढूनही रुग्ण बरे होत नाहीत, हे काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांतून दिसून आले तेव्हा हा सिद्धांत मागे पडला.

हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आजही ‘समग्र दंतचिकित्सा’ या नावाखाली रूट कॅनलमुळे कर्करोग होतो, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचा आधार शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच टाकून दिलेल्या मतात आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक पाठ येथे विसरला जातो.

आज काय सिद्ध आहे?

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात कोट्यवधी जंतू असतात. तो थर काढला नाही तर तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते, हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि पुढे दातांना धरून ठेवणारे हाड झिजते. यालाच सामान्य लोक पायोरिया म्हणतात. या दीर्घकालीन दाहाचा इतर देहाशी असलेला संबंध पुढीलप्रमाणे मांडता येईल.

मधुमेह : येथे संबंध दुहेरी आहे. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांचा विकार असेल तर रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे अवघड होते. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्तशर्करेची टक्केवारी सुमारे ०.४ ने खाली येते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हा औषधाला पर्याय नसला तरी औषधाला हातभार निश्चितच आहे.

हृदय : ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुदोष झाला आहे, त्यांच्या बाबतीत मुखातील जंतू रक्तात शिरून घातक ठरू शकतात. अशा रुग्णांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास तसे अवश्य सांगावे. हृदयविकाराचा झटका आणि पायोरिया हे एकाच व्यक्तीत अधिक वेळा आढळतात हे खरे. पण पायोरियामुळेच झटका येतो असे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली दिला.

गर्भारपण : गर्भवतीच्या हिरड्या लवकर सुजतात. ‘एका बाळंतपणाला एक दात’ ही समजूत मात्र निराधार आहे. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. गर्भारपणात दातांवर उपचार करणे सुरक्षित आहे, तरीही कुटुंबातील वडीलधारी मंडळी भीतीपोटी सुनेला रोखतात. उपचारांनी अकाली प्रसूती टळते असे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही, परंतु मातेच्या वेदना व जंतुदोष निश्चित टळतो आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

वार्धक्य : अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या तोंडातील जंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे तोंड नियमित स्वच्छ ठेवले गेले त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. घरातील आजी-आजोबांची कवळी रोज धुऊन ठेवणे व रात्री काढून ठेवणे ही सेवा लहान दिसली तरी फलदायी आहे.

मशेरी, तंबाखू आणि सुपारी

पश्चिम महाराष्ट्रातील मुखारोग्याचा विचार तंबाखूवाचून पूर्ण होऊच शकत नाही. सीमेवरील निपाणीचा परिसर तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यातही भाजलेल्या तंबाखूची भुकटी, म्हणजे मशेरी, हा स्त्रियांमध्ये रुजलेला प्रकार. ‘दातांना बरी असते’ म्हणून तिची सुरुवात होते आणि मग दिवसातून अनेकदा ती लावल्यावाचून चैन पडत नाही. हे दंतमंजन नसून व्यसन आहे. दात घासण्याच्या पदार्थांत तंबाखू मिसळून विकण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, तर महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखाबंदी लागू केली. कायदा दुकान बंद करू शकतो. तव्यावर घरीच भाजली जाणारी मशेरी मात्र कुटुंबानेच बंद करावी लागते.

निव्वळ सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने गालांची आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, तिखट लागताच होणारी आग, तोंड उघडताना येणारा ताण, ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. मुखाचा कर्करोग प्रारंभी सापडला तर बरा होऊ शकतो आणि तो शोधण्यास फार मोठ्या यंत्राची गरज नाही. जाणकार डोळे आणि पुरेसा उजेड लागतो.

साखर आणि गूळ

गगनबावडा तालुक्यात साखर कारखाना आहे आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या परिसराची भाकरी उसावर अवलंबून आहे, हे आम्ही जाणतो. तथापि जंतू साखर आणि गूळ यांत भेद करीत नाहीत. दोहोंपासून आम्ल तयार होते आणि त्या आम्लात दातांचे कवच विरघळते. गूळ चिकट असल्याने दातांच्या फटीत अधिक काळ राहतो. किती गोड खाल्ले यापेक्षा कितीदा खाल्ले हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. दिवसभर थोड्याथोड्या वेळाने गोड चहा व बिस्किटे घेण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच गोड खाणे बरे. दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी वाटा साखरेचा असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. प्रौढासाठी ती सुमारे ५० ग्रॅम होते. दातांबरोबर वजन आणि मधुमेह यांवरही याच पथ्याचा उपकार होतो. मुखारोग्याचा समग्र विचार म्हणतात तो हाच.

काय स्वीकारावे, काय टाळावे

समग्र दृष्टी म्हणजे प्रस्थापित उपचार नाकारणे नव्हे. दातात भरलेली चांदी, म्हणजे पारामिश्रित धातू, हा चर्चेचा विषय आहे. युरोपीय संघाने २०२५ पासून तिचा वापर थांबविला, त्यामागे पर्यावरणात पारा जाऊ नये हा प्रमुख हेतू होता. गर्भवती व लहान मुले यांच्यासाठी नवी चांदी टाळावी, हा सल्ला योग्य आहे; परंतु दातात सुस्थितीत असलेली जुनी चांदी उगाच काढू नये, कारण काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते. समग्र दृष्टीचा खरा अर्थ असा की, दंतवैद्याने रुग्णाचा मधुमेह, औषधे, आहार, व्यसन व चिंता यांची विचारपूस करावी आणि वैद्याने रुग्णाला तोंड उघडण्यास सांगावे.

वाचकांसाठी काही व्यवहार्य सूचना :

– सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरील लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

– दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची हेळसांड करू नये. शाळा व अंगणवाड्यांतील राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातांचीही तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा.

– हिरड्यांतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये; मऊ ब्रशने घासत राहून दंतवैद्यास दाखवावे.

– डोंगरी भागातील कुटुंबांनी मृगापूर्वी, म्हणजे रस्ते मोकळे असतानाच, दात तपासून घ्यावेत. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय किंवा नवे पारगावचे दंत महाविद्यालय येथपर्यंतचा प्रवास भर पावसात करण्यापेक्षा तो मे महिन्यात करणे शहाणपणाचे.

– जबड्याखाली सूज, ताप, गिळताना त्रास, तोंड न उघडणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

ख्रिस्ती परंपरेत दंतरुग्णांची आश्रयदात्री म्हणून संत अपोलोनियाचे स्मरण ९ फेब्रुवारीस केले जाते. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे जमावाने या वयोवृद्ध स्त्रीचे दात पाडले आणि तिने श्रद्धेसाठी मरण पत्करले. शतकानुशतके दाढदुखीने तळमळणाऱ्या सामान्य माणसांनी तिचा धावा केला, कारण दातांचे दुःख कोणी गंभीरपणे घेत नाही, हा अनुभव त्या काळीही होता. आज उपाय उपलब्ध आहेत. ते शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचविणे आणि शेजारच्या म्हातारीला ‘आजी, जरा तोंड दाखवा बरं’ असे आपुलकीने म्हणणे, हे मात्र आपल्याच हाती आहे.